चार सेकंदांची ग्रामसभा

२०३९ सालच्या १ मे रोजी, दुपारी एक वाजून चार सेकंदांनी, सारिका लिंभोरेने आपल्या मुलीचं मैदान देऊन टाकलं. त्या वेळी ती मैदानापासून बारा किलोमीटरवर, ‘त्वरित’ कंपनीच्या गोदामात, एकशे बाराव्या खोक्यात हेअर ड्रायर भरत होती. आपण काही देऊन टाकलंय हे तिला कळलं संध्याकाळी पावणेआठला, घरी पोचल्यावर.

ईश्वरी दारातच उभी होती. वय पंधरा, दोन्ही गुडघ्यांवर खरचटल्याचे जुने डाग, भामखेडच्या मुलींच्या खो-खो संघाची कर्णधार.

“आई, तू हात वर केलास.”

“कसला हात?”

“मैदान कंपनीला द्यायला. ग्रामपंचायतीच्या फलकावर यादी लागलीय. लिंभोरे सारिका नितीन, होय, खात्री शहाण्णव टक्के.”

“मी कामावर होते, ईशू. मी कशाला हात वर करू?”

“तू नाही. तुझ्या वकिलानं केला.”

सारिकाने पायातली चप्पल काढली नव्हती. ती तशीच उभी राहिली. ईश्वरीच्या मागे टेबलावर सकाळी आलेलं पार्सल न उघडता पडलं होतं. त्यात काय आहे ते तिला आठवेना.

भामखेड चाकणच्या पुढे, भामा नदीच्या काठी. मतदार सोळाशे चाळीस. पूर्वी इथली प्रत्येक ग्रामसभा एकाच पद्धतीने व्हायची. ठरल्या वेळी दहा-अकरा माणसं जमायची. शंभर माणसांची गणपूर्ती नाही म्हणून सभा अर्ध्या तासासाठी तहकूब व्हायची. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्यामुळे मधला अर्धा तास चहात घालवून तीच दहा-अकरा माणसं पुन्हा बसायची आणि सगळे ठराव एकमताने मंजूर करून घरी जायची. बाकीचं गाव बारा तासांच्या पाळीवर असायचं, नाहीतर सुट्टीच्या दिवशी खरेदीला गेलेलं असायचं.

मग दोन वर्षांपूर्वी मतप्रतिरूप आलं. हे नाव कागदावरचं. गावात सगळे त्याला वकील म्हणत.

त्यामागचा शोध साधा आणि थक्क करणारा होता. माणूस दिवसभर शेकडो बारीकसारीक निवडी करतो: हे घे, ते नको, इथे थांब, तिथे पुढे चल. उतारावर पाणी सोडलं की ते स्वतःची ओघळ पाडतं, तशा या निवडी माणसाच्या स्वभावात ओघळी पाडतात. अशा दोन-तीन हजार निवडी यंत्राला दाखवल्या, तर त्या ओघळींचा नकाशा तयार होतो. मग त्या माणसाला कधीही न विचारलेला प्रश्न नकाशावर सोडायचा आणि पाणी कुठे जातं ते पाहायचं. तेच त्याचं उत्तर. शंभरात चौऱ्याण्णव वेळा ते बरोबर निघालं.

मनगटावरच्या पट्टीतून हा वकील चाले. हजेरी, पगार, बस, खरेदी सगळं त्याच पट्टीवर होतं. ग्रामसभेत चौदाशे बारा वकील हजर राहू लागले. ठराव पडद्यावर आला की चार सेकंदांत मतदान संपे. भामखेडला उपस्थितीबद्दल जिल्ह्याची ढाल मिळाली. ढाल घ्यायला मात्र सरपंच आणि शिपाई असे दोघेच गेले होते.

‘त्वरित’ला शाळेमागचं अडीच एकर मैदान हवं होतं, तीस वर्षांच्या भाड्याने, पार्सल पोचवणाऱ्या ड्रोनच्या तळासाठी. भामखेडमध्ये कुठेही सात मिनिटांत वस्तू पोचणार होती. १ मेची मंजुरी तत्त्वतः होती: नऊशे पाच होय, पाचशे सात नाही. अंतिम ठराव १५ ऑगस्टला यायचा होता.

“डिसेंबरात जिल्ह्याची निवड आहे,” ईश्वरी म्हणाली. “कुठं खेळायचं आम्ही? तुझ्या गोदामात?”

एवढं बोलून ती आत गेली. त्यानंतर ती आईशी कामापुरतंच बोलू लागली. डबा भरला का, गॅस संपलाय, बाबांचा फोन आला होता.

बुधवारी सारिकाची साप्ताहिक सुट्टी. ती सकाळी दहाला ग्रामपंचायतीत पोचली. यंत्रणेच्या देखभालीसाठी ऋतुजा दामले नावाची तरुण अभियंता आठवड्यातून एकदा तिथे येत असे.

“मॅडम, माझा वकील बिघडलाय,” सारिका म्हणाली.

“बसा ताई, बघू.” ऋतुजाने सारिकाची पट्टी पडद्याला जोडली. “बिघडलेला नाही. वर्षभरातले तुमचे तीन हजार एकशे अठरा निर्णय दिसतायत. पार्सल उशिरा आलं म्हणून चौदा वेळा तक्रार केलीये.”

“ती तर सगळेच करतात.”

“म्हणून तर बहुतेकांचे वकील होय म्हणाले.”

“आणि गावाबद्दल? मी काहीच बोलले नाही?”

“वर्षभरात एकूण अकरा मिनिटं. त्यातली नऊ नळाला पाणी येत नाही याबद्दल.”

“आणि उरलेली दोन?”

“सरपंचांना शिव्या.”

सारिकाला हसू फुटलं आणि अर्ध्यावरच विरलं. पडद्यावर तिचं वर्ष रंगीत पट्ट्यांत मांडलेलं होतं. बारा तास काम निळ्यात, दीड तास बस करड्यात, खरेदी पिवळ्यात. निळ्या आणि पिवळ्यामध्ये मैदान बसेल एवढी फट कुठेच नव्हती. ईश्वरीचा सामना तिने शेवटचा कधी पाहिला होता? मागच्या वर्षी नाही. त्याआधीच्या वर्षी अर्धा पाहिला होता.

“म्हणजे तो खोटं नाही बोलला,” ती म्हणाली. “मी त्याला एवढीच दिसते.”

ऋतुजाने दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “ताई, एक गोष्ट सांगते. चौऱ्याण्णव टक्के अचूक म्हणतात ना, ती चाचणी फोनवर घेतली होती. माणसं कामावर होती. उत्तर द्यायला वीस सेकंद. वकिलाचं उत्तर त्या वीस सेकंदांतल्या उत्तराशी जुळतं. चार माणसांत बसून, बोलून, ऐकून लोक काय म्हणतील हे मोजायचं राहूनच गेलं. तेवढा वेळ द्यायला कोणी तयार नव्हतं.”

“मग बोललं तर बदलतं?”

“खूप. विषयावर स्वतःच्या तोंडून निघालेलं एक वाक्य हजार खरेद्यांपेक्षा जड धरलंय. पण कोणी प्रचार करून वकील फिरवू नयेत, म्हणून सभा उघडी असतानाचं बोलणं तेवढंच धरतात. आणि सभा उघडते चार सेकंद.” तिने खांदे उडवले. “त्याआधी हाताने बदलायचं तर हे बटण आहे. तेही आदल्या संध्याकाळी बंद होतं.”

सारिकाने ‘नाही’ दाबलं. नऊशे पाचचे नऊशे चार झाले.

पुढचे तीन महिने ती डब्याच्या वेळी, बसमध्ये, भाजीच्या रांगेत एकेकीला सांगत राहिली. “बघू गं.” “पट्टीवर आलंय होय? साठ जाहिराती येतात, त्यात कुठं गेलं कोण जाणे.” “सारिका, मला झोप येतीय, उद्या सांग.” कोणी विरोधात नव्हतं. कोणाला वेळ नव्हता. १४ ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंत तिच्या सांगण्यावरून अकरा जणींनी बटण दाबलं होतं. होय आठशे त्र्याण्णव, नाही पाचशे एकोणीस.

“एकटीनं दाबून काय होतंय,” ईश्वरी एकदाच म्हणाली होती.

१५ ऑगस्टला गोदामात स्वातंत्र्य सेल होता. सगळ्या रजा रद्द, जेवणाची सुट्टी पाऊण तासाऐवजी अर्धा तास, एक ते दीड.

ग्रामसभाही एकलाच होती. सभागृहात साठ खुर्च्या, त्यांत नऊ माणसं आणि शेवटच्या रांगेत गणवेश घालून बसलेल्या खो-खोच्या आठ मुली. एरवी सभा पडद्याचा आवाजच चालवी. पण जमिनीचा अंतिम ठराव अधिकाऱ्याने स्वतः वाचायचा असा नियम होता. ग्रामसेवक भिसे भाऊसाहेब उठले. ग्रामपंचायतीच्या नोकरीत त्यांची तेहतीस वर्षं गेली होती. निवृत्तीला पाच महिने उरले होते. त्यांनी ठराव वाचला, चष्मा वर केला, सवयीने समोरची डोकी मोजली आणि तितक्याच सवयीने पुढचं वाक्य उच्चारलं.

“गणपूर्तीअभावी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करण्यात येत आहे.”

“नोंद झाली,” पडदा म्हणाला. एक वाजून दोन मिनिटं झाली होती.

सरपंच ताडकन उभे राहिले. “अहो भाऊसाहेब! कसली गणपूर्ती? चौदाशे हजर आहेत की!”

“आं?” भाऊसाहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मग खुर्च्यांकडे. “तोंडात बसलंय हो सरपंच. तेहतीस वर्षं हेच म्हणतोय.”

“मागं घ्या मग!”

“नोंद मागं घेता येत नाही. मतदान आता एक बत्तीसला,” कोपऱ्यातून ऋतुजा म्हणाली. तिची बोटं भराभर चालत होती आणि चेहरा लाल झाला होता. “आणि तहकूब म्हणजे बंद नाही. ठराव वाचून झालाय. सभा उघडी आहे.”

शेवटच्या रांगेतून ईश्वरी दाराबाहेर धावली. तीन महिन्यांत तिने आईला स्वतःहून केलेला तो पहिला फोन होता.

“आई! सभा तहकूब झाली! एक बत्तीसला मतदान! तू म्हणालेलीस ना, सभा उघडी असताना बोललं तर धरतात? उघडीच आहे! ऋतुजाताई म्हणतायत उघडीच आहे!”

कँटीनमध्ये सारिकाच्या हातात घास होता. तो तिने डब्यात ठेवला. समोर पाच लांब टेबलं. आजच्या पाळीत भामखेडचे दोनशे साठ जण होते, बहुतेक बायका. ती बाकावर चढली.

“ऐका! ग्रामसभा चालू आहे, आत्ता, या घडीला! मैदानाचा ठराव. प्रत्येकीनं आपल्याला काय वाटतं ते आपल्या तोंडानं बोला. पट्टीला ऐकू जाऊ द्या!”

“काय बोलायचं?”

“जे खरं वाटतं ते! द्या वाटलं तर द्या म्हणा!”

एकच गलका झाला. सगळे एकदम बोलू लागले. परत पडद्यासमोर गेलेल्या ईश्वरीचा आवाज सारिकाच्या पट्टीवरून आला, “आई, आठशे त्र्याण्णवच आहे! हलत नाहीये!” एवढ्या कालव्यात कुठल्याच पट्टीला आपल्या मालकिणीचा आवाज वेगळा काढता येत नव्हता. एक वाजून नऊ मिनिटं.

सारिकाने टेबलांकडे पाहिलं. बायका रांगेत बसलेल्या, एकीआड एक तोंड विरुद्ध दिशेला. हे तिने हजारदा पाहिलं होतं.

“ए, गप्प! सगळ्या गप्प!” ती ओरडली. “शाळेत खो-खो खेळलात ना? प्रत्येक टेबल एक रांग. खो मिळाला की उठायचं, एक-दोन वाक्यं बोलायची, पुढचीच्या पाठीवर हात मारून खो द्यायचा आणि बसायचं. खो मिळाल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही. रंजनाताई, खो!”

तिने रंजना शेळकेच्या पाठीवर थाप मारली. रंजना पॅकिंगमध्ये सगळ्यांत जुनी. तोंडातला घास गिळत ती उठली. “माझं लग्न त्या मैदानावर लागलं. मांडव घालायला गावात दुसरी जागा नाही. देऊ नका. खो!”

“माझा भाऊ तिथं पळूनच पोलिसात भरती झाला. देऊ नका. खो!”

“मला काही माहीत नव्हतं बाई, मी होय म्हणालेय म्हणून. मला विचारलंच नाही कोणी. खो!”

पाच टेबलांवर पाच आवाज, प्रत्येकाला अठरा-वीस सेकंद. “आठशे ऐंशी!” पट्टीतून ईश्वरी ओरडली. “आठशे एकसष्ट! आई, चाललंय!”

मग तिसऱ्या टेबलावर अर्चना कड उठली. “माझ्या पोराला दमा आहे. गेल्या साली पंप आणायला चाकणला जाऊन येईपर्यंत तो निळा पडला होता. सात मिनिटांत औषध येणार असेल तर मला ते हवंय. मैदान द्या. खो.”

ती बसली. पुढच्या चौघी म्हणाल्या, अर्चनाचं खरं आहे, आणि बाजूच्या टेबलांवरही तेच ऐकू येऊ लागलं.

“आठशे चौऱ्याहत्तर,” ईश्वरीचा आवाज बारीक झाला. “आई, वाढतंय.”

अर्चनाचा मुलगा सारिकाने पाहिला होता. तीही तशीच वागली असती. एक वाजून सोळा मिनिटं.

“मला परत खो द्या गं,” रंजना पहिल्या टेबलावरून म्हणाली. मागचीने तिच्या पाठीवर हात मारला. रंजना उठली आणि या वेळी पाचही टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. “अर्चनाला औषध पाहिजे. बरोबर आहे, मिळालंच पाहिजे. पण तळाला मैदानच कशाला? वेशीबाहेर बंद पडलेली दूध डेअरी आहे. दोन एकर. अकरा वर्षं तिथं बाभळी वाढतायत. ती द्या की! खो!”

दोनशे साठ माणसांनी जवळजवळ एकदमच एकमेकांकडे पाहिलं. डेअरी सगळ्यांना माहीत होती. रोज बस तिच्यावरून जायची. कोणाच्याही वकिलाला ती सुचली नव्हती, कारण ठरावात दोनच पर्याय होते आणि वकील फक्त त्या दोहोंतून निवडत होता. अर्चना स्वतःच उभी राहिली, खो न मिळता. “डेअरीवर चालेल मला. मैदान नको. डेअरी!”

“फाउल!” कोणीतरी ओरडलं, आणि कँटीन हसण्याने दणाणलं.

त्यानंतर वेग आला. थाप, उठणं, वाक्य, थाप. “डेअरी द्या, मैदान नको, खो!” “पोरींना खेळू द्या, खो!” “माझा नवरा होय म्हणाला असंल तर त्यालाबी सांगते घरी गेल्यावर, खो!” शेवटच्या टेबलावरचे फोर्कलिफ्टवाले पुरुष आधी लाजत होते, तेही उठू लागले. दोन-चार जणी अजून द्याच म्हणत होत्या, आणि त्यांचंही कोणी मध्येच तोडत नव्हतं.

“आठशे दहा! सातशे सत्तर! सातशे बेचाळीस!” आता पट्टीतून आठही मुलींचा आवाज येत होता. अर्ध्यावर, म्हणजे सातशे सहावर, आकडा आला तर निर्णय सरपंचांच्या मतावर जाणार होता. त्याखाली उतरायला हवं होतं.

दीडची घंटा झाली. आकडा सातशे एकोणीस.

दारात पर्यवेक्षक कल्पेश सर आले. “चला, चला! लाइन सुरू झाली. सेल आहे आज!”

एरवी घंटेसरशी कँटीन रिकामं व्हायचं. आज कोणी हललं नाही. प्रत्येक टेबलाच्या टोकाला तीन-चार जणी उरल्या होत्या.

“काय चाललंय हे? उठा म्हणतोय ना!”

“सर,” रंजना शांतपणे म्हणाली, “खो मिळाल्याशिवाय उठलं की फाउल असतो.”

“दोन मिनिटांचा पगार कापतील सगळ्यांचा!”

“कापू द्या. सारिका, पुढं जाऊ दे.”

थाप. “मैदान नको. खो!” थाप. “डेअरी. खो!” सातशे अकरा. थाप. एका तरुण मुलीच्या तोंडून शब्दच फुटेना. तिच्या मागचीने हळूच पुन्हा पाठीवर हात ठेवला. “बोल गं, तुला वाटतं ते.” ती मुलगी म्हणाली, “मी गावात नवी आहे. मला तिथं संध्याकाळी पोरांचा आवाज ऐकू येतो. तो पाहिजे. खो.”

सातशे सात. सातशे सहा. मग आकडा थांबला. तिथेच थांबला. सारिकाने डोळे मिटले.

“फोर्कलिफ्टचे लिंबाजीभाऊ राहिलेत!” कोणीतरी ओरडलं. एका उंच माणसाच्या पाठीवर एकदम तीन थापा पडल्या. लिंबाजी उठले, टोपी काढली. “माझा पोरगाबी हितं आहे. आम्हाला मैदान द्यायचं नाय.”

“मलाबी नको,” त्यांचा पोरगा म्हणाला.

एक वाजून बत्तीस मिनिटं.

सभागृहातल्या पडद्याने चार सेकंद घेतले. “होय सातशे चार. नाही सातशे आठ. ठराव नामंजूर.”

पट्टीतून जे आलं ते शब्द नव्हते. आठ मुलींची एकच किंकाळी होती. इकडे टेबलांवर डबे आदळले. अर्चनाने सारिकाला बाकावरून खाली ओढून मिठी मारली. कल्पेश सर दारातच उभे होते. त्यांचा वकील त्यांच्या गावी कुठल्या ठरावाला काय म्हणाला असेल हे बहुधा त्यांनी आत्ताच पट्टीवर पाहायला घेतलं होतं.

गलक्यात ईश्वरीचा आवाज वेगळा आला. “आई, संध्याकाळी मैदानावर येशील?”

“सुटायला सात वाजतात गं.”

“मग आम्ही थांबतो.”

लाइन दुपारी एक चौतीसला सुरू झाली. सारिकाने दोनशे सातवं खोकं उचललं. तिच्या लक्षात आलं की आपला हात अजून थाप मारायच्या बेतातच उघडा राहिलाय.

ग्रामपंचायतीत भाऊसाहेबांनी इतिवृत्त लिहायला घेतलं. डेअरीच्या जागेचा विषय पुढच्या सभेवर, २ ऑक्टोबरला ठेवला. पुढच्या सभेच्या कागदाची पहिली ओळ लिहून ठेवायची त्यांची जुनी सवय होती. त्यांनी ऋतुजाकडे पाहिलं, ऋतुजाने खिडकीबाहेर पाहिलं, आणि त्यांनी लिहिलं: सभा अर्ध्या तासासाठी तहकूब.

दुसऱ्या दिवशी सेल संपला होता, पण जेवणाची सुट्टी अर्ध्याच तासाची राहिली होती. एक वाजता सारिकाने डबा उघडला. तिच्या पाठीवर सणसणीत थाप बसली.

“खो!” मागे रंजना उभी होती.

“आज कसला खो? आज सभा नाही. पट्टी धरणार नाही आपलं बोलणं.”

“न धरू दे. आपण धरू ना एकमेकींचं. सगळ्या ऐकतायत, बोल.”

पाचही टेबलांवरचे घास थांबले होते.

“विषय काय?” सारिकाने विचारलं.

“पाणी,” तीन टेबलांवरून एकदम आलं.

सारिका उभी राहिली.